बरगे घालणारे सर

माझ्या दवाखान्याच्या जागेचे मालक, म्हणजे आमचे सर, माझ्याकडे नंबर लावून यायचे. उचगावात मी दवाखाना टाकला तो त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर. ते वर राहत. जिना उतरला की थेट माझ्या केबिनचं दार. पण ते तसे कधी आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायचं, कंपाउंडरकडून नंबरचा पत्रा घ्यायचा, शेजारच्या पेशंटला त्याच्या आजाराविषयी माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारायचे, आणि आपला नंबर आला की आत येऊन पेशंटच्या स्टुलावर बसून मलाच तपासायचं.

"हात आण इकडं, डॉक्टर."

मी हात पुढे करायचो. नमस्कार त्यांना मान्य नव्हता. आपलेच दोन हात एकमेकांना लावून समोरच्या माणसाविषयी काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. ते समोरच्याचा हात हातात घेत आणि सोडत नसत. हात कोरडा आहे की ओला, गार आहे की ऊन, बोटं थरथरतात का, नखं कशी आहेत, हे सगळं बघून झाल्यावर निकाल सांगत. "गार पडलायस. नाष्टा न करता आलायस. घरात भांडण झालं व्हय?" बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. एका लग्नात त्यांनी एका बड्या पाहुण्याचा हात इतका वेळ धरून ठेवला, की फोटोग्राफरला ती पोझ वाटली. अल्बममध्ये ते फोटो आहेत. पाहुण्याच्या चेहऱ्यावर घाबरलेलं हसू आहे, आणि सर त्याच्या नखांकडे बघताहेत.

त्याच लग्नात ते जेवणाच्या पंगतीतून उठून मुदपाकखान्यात गेले होते. मिठाच्या डब्याला झाकण आहे का ते बघायला. मीठ उघडं राहिलं की त्यातलं आयोडीन उडून जातं, आणि आयोडीन नसेल तर थायरॉइड काय हवेतनं बनवणार, हे त्यांनी आचाऱ्याला ऐकवलं. आचारी म्हणाला, "पावणं, मुलीकडचं का मुलाकडचं?" सर म्हणाले, "थायरॉइडकडचा."

हे सर म्हणजे कॉलेजात आम्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. आणि मी त्यांचा सर्वांत वाईट विद्यार्थी. हे मी नम्रतेनं म्हणत नाही. त्या जागेसाठी वर्गात चांगली चुरस होती, ती मी जिंकली होती.

तोंडी परीक्षेत त्यांनी मला फळ्याकडे पिटाळलं. "थायरॉइडवर ताबा कुणाचा, काढून दाखव." हे मला येत होतं, कारण पुस्तकात चित्र होतं. मी तीन चौकोन काढले. वरच्यात हायपोथॅलॅमस, मधल्यात पिट्युटरी, खालच्यात थायरॉइड. वरचा मधल्याला निरोप देतो, मधला खालच्याला देतो, आणि थायरॉइडचं रसायन रक्तात पुरेसं झालं की वर कळतं आणि निरोप थांबतो. तीन चौकोन, दोन बाण खाली, एक बाण परत वर. परत जाणारा बाण मी जरा जोशात काढला. तो वरच्या चौकोनालाही ओलांडून फळ्याच्या चौकटीपर्यंत गेला.

"हा बाण कुठं चालला?"

"वर, सर."

"वर म्हंजे कुठं? देवाकडं?"

मी घाबरलो होतो. म्हणालो, "हो सर."

त्यांनी मला पास केलं. का केलं, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. त्यांचं मत बदललं तर माझी पदवी जायची.

त्यांचा राग माझ्यावर नव्हता, बाणावर होता. "बाण काढला की माणसाला वाटतं, कळलं," ते म्हणत. मुलांच्या वह्या तपासताना ते लाल पेनानं बाण खोडायचे आणि समासात लिहायचे, 'मधे कोण आहे?' वर्षानुवर्षं मुलांना वाटायचं, सर जरा सरकलेत. मेंदूतून निरोपाचं रसायन निघतं आणि रक्तात पडतं, यात मधे कोण असणार? पण सर भोगावती नदीच्या काठच्या गावात वाढलेले. पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नुसतं जातं, यावर त्यांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

त्यांच्या गावाला आपला तो कोल्हापुरी बंधारा होता. नदीत दगडी खांब, आणि दोन खांबांच्या खाचांत एकावर एक आडव्या सरकवायच्या फळ्या. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. खालच्या गावांना पाणी सोडायचं झालं की काही बरगे काढायचे. सर लहानपणी हे बघत बसायचे. "नदीला वाटतं, आपण वाहतोय," ते सांगायचे. "पण खालच्या गावाला किती मिळायचं, ते ठरवतो काठावर बसून बिडी ओढणारा एक माणूस."

त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं होती तेव्हा त्यांना तो माणूस मेंदूत सापडला. म्हणजे शोधला जगातल्या दुसऱ्याच लोकांनी. सरांना फक्त वाचायला मिळालं. टॅनिसाइट नावाच्या पेशी. पूर्वी त्यांच्याकडे मेंदूतल्या पोकळीच्या भिंतीचा गिलावा म्हणून बघायचे, आता कळत होतं की त्या बरंच काही करतात. सर तो छापलेला लेख घेऊन वर्गात आले आणि त्या दिवशी हजेरी घ्यायची विसरले. मी तेव्हा उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो होतो. पण नेमका त्या दिवशी कॉलेजात एका दाखल्यासाठी गेलो होतो. कॉरिडॉरमध्ये त्यांनी माझा हात धरला. तपासला नाही. नुसता धरला. "मधे कोणतरी हाय रे," म्हणाले. "मी म्हणत होतो की."

मी म्हणालो, "अभिनंदन, सर." मला वाटलं, त्यांना कुठलं तरी पद मिळालं.

पुढे मी त्यांचा भाडेकरू झालो आणि माझं शिक्षण नव्यानं सुरू झालं. कुणी पेशंट बाकावर बसून म्हणाला, "मला थायरॉइड हाय," की सर म्हणणार, "मलाबी हाय. कुणाला नसतो?" पेशंटला बरं वाटायचं. मला मात्र डिवचल्यासारखं व्हायचं. म्हणून एकदा मी सूड घ्यायचं ठरवलं. सर भर एप्रिलात लोकरीचा स्वेटर घालून हिंडायचे. थंडी वाजणं, सावकाश चालणं, आवाज जरासा घोगरा. मला खात्री पटली की थायरॉइडवर आयुष्य काढलेल्या माणसाचाच थायरॉइड मंदावलाय, आणि तो मी पकडलाय. साखर तपासायची म्हणून मी त्यांचं रक्त काढलं आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली. रिपोर्ट इतका सुरेख आला, की पुस्तकात छापावा. मी तो टेबलाच्या खणात लपवताना ते आत आले.

"स्वेटर बघितलास व्हय?" ते म्हणाले. "अरे, ह्याला चार खिसे हाईत. सदऱ्याला एकच. खडू कुठं ठेवू?"

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सानिका.

सानिका पैलवान. बिद्रीजवळच्या एका गावातली. वडील कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पोरगी कुस्तीसाठी उचगावजवळच्या एका तालमीत राहायची. वडील तिला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा निवड चाचणी महिन्याभरावर आली होती. तिला पन्नास किलोच्या गटात उतरायचं होतं. पन्नासच्या गटात जिल्ह्यात तिच्या तोडीची कुणी नव्हती. त्रेपन्नच्या गटात एक होती, आणि ती सगळ्यांना पाडत होती.

सानिकाची तक्रार एकच, अंगात दम राहत नाही. मी विचारत गेलो आणि मला गुदगुल्या व्हायला लागल्या. थंडी वाजते. केस गळतात. पोट साफ होत नाही. नाडी संथ. पाळी बरेच महिने आली नव्हती, हे तिनं वडील पाणी प्यायला बाहेर गेल्यावर सांगितलं. पुस्तकातलं पान माझ्यासमोर चालत आलं होतं. मी रक्त पाठवलं. रिपोर्ट आला, आणि त्यात थायरॉइडच्या दोन रसायनांपैकी एक, टी-थ्री, लाल अक्षरात. कमी. दुसरं काठावर. त्याखालच्या ओळीकडे मी बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते दोघं आले तेव्हा मी गोळी लिहूनच ठेवली होती.

वडील खूश झाले. "ह्याच गोळीनं वजन बी उतरतंय म्हणं, साहेब. तालमीत एक पोरगं सांगत हुतं."

"काही अंशी," मी म्हणालो. हे मला लागू पडणारं वर्णन होतं.

पुढचा नंबर सरांचा होता. दार अर्धं उघडं होतं आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, पत्रा टेबलावर ठेवला आणि सानिकापुढे हात केला. तिनं बावरून हात दिला. सरांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"बर्फ हाय नुसता. काल काय जेवलीस?"

तिनं वडिलांकडे बघितलं. "काकडी."

"आणि?"

"अर्धी भाकरी."

"खरं सांग."

"भाकरी ताटात घेतलती."

"पोटात?"

सरांनी तिचा हात सोडून टेबलावरचा रिपोर्ट उचलला आणि ज्या ओळीकडे मी बघितलं नव्हतं, त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच."

पिट्युटरीच्या निरोपाचा आकडा. टीएसएच. तो कमीच होता.

"थायरॉइड आपणहून दमला असता तर पिट्युटरी वरनं बोंबलली असती. हा आकडा आभाळाला लागला असता. मग मीच म्हणालो असतो, लिही गोळी. इथं वरचा बोंबलत का न्हाय?"

मी चष्मा पुसला. मला चष्मा काढला की काही दिसत नाही, त्यामुळे विचार करतोय असं वाटतं.

सरांनी माझं प्रिस्क्रिप्शन उचललं, घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवलं, आणि ते सानिकाच्या वडिलांकडे वळले. "पावणं, शेती हाय न्हवं? पाणी कुठनं घेता?"

"नदीवरनं. मोटर हाय."

"मग ऐका. मेंदूच्या बुडात एक बारकं तळं हाय. त्याच्या काठाला काही पेशी उभ्या असत्यात. डोकं तळ्याच्या पाण्यात, आणि पाय लांबच्या लांब खाली, रक्ताच्या बारीक नळ्यांपर्यंत. थायरॉइड चालवायचा निरोप त्या नळ्यांत पडायला पाहिजे, तर मधे ह्यांचे पाय. पाय पसरले की वाट बंद, आखडले की मोकळी. शिवाय थोडा निरोप वाटेतच खाऊन टाकत्यात. आपल्या बंधाऱ्यावर बरगे घालणारा माणूस असतोय न्हवं, तसलीच जात."

"बरं."

"आता ही पोरगी जेवत न्हाय. तळ्यातलं पाणी चाखून ह्यांना कळतं, वर धरणात काय न्हाय. मग काय करणार?"

वडील लगेच म्हणाले, "उपसाबंदी. मोटरी बंद ठेवायचा हुकूम."

"व्हय. बरगे घालून बसल्यात. मेंदूला सांगत्यात, खाली भरपूर हाय, काय सोडू नका. थाप मारत्यात, पण पोरगी जगावी म्हणून. अंग गार, पोट बंद, पाळी बंद. सगळ्या मोटरी बंद. आता हे बरंचसं उंदरांत बघितलेलं हाय, माणसात किती तंतोतंत लागू, ते अजून बघतायत लोकं. पण उपाशी माणसाचा रिपोर्ट असाच येतो, हे जुनं हाय. आणि ह्या डॉक्टरची गोळी म्हंजे उपसाबंदीत चोरून मोटर लावणं."

मला वाटलं, संपलं, माणूस पटला. पण सानिकाचे वडील कोल्हापूरचे होते.

"पर उपसाबंदीत मोटर लावत्यातच की सगळी," ते म्हणाले.

सर क्षणभर अडले. मी त्यांना तेवढं एकदाच अडलेलं बघितलं आहे.

"लावत्यात," ते म्हणाले. "आणि खालच्या गावाला काय मिळतं?"

"चिखुल."

"हिचं काळीज खालच्या गावाला हाय."

मग वडिलांचा आवाज चढला. "मग काय करायचं? खाऊ घालायचं? वजन वाढंल. त्रेपन्नात जाईल. तिथली पोरगी हिला उचलून टाकंल. सर, मी सकाळी उठून ट्रॅक्टरवर जातो ते हिच्यासाठी. घरातली समदी म्हणत्यात, लगीन लावा. हिनं हे मैदान मारलं तर मी त्यास्नी गप करीन. न्हाय मारलं तर मला गप बसावं लागंल. मग कुस्ती बंद." ते माझ्याकडे वळले. "साहेब, गोळी तुम्ही लिवलीया. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "कागद सरांकडे आहे."

माझ्या वैद्यकीय कारकिर्दीतलं हे सर्वांत ठाम वाक्य होतं, आणि त्यामागे फक्त भीती होती.

बोलली ती सानिका. "मी त्रेपन्नात खेळतो, पप्पा."

"हारलीस तर?"

"दम असताना हारून बघतो. तसं कधी खेळलोच न्हाय."

त्या दिवसापासून ती सकाळच्या मेहनतीनंतर सरांकडे जेवायला यायला लागली. तालमीतल्या खाण्यावर सरांचा भरवसा नव्हता. तिथं तिचं वजन बघून कुणी ना कुणी ताट ओढायचंच. सरांना एकच पदार्थ यायचा, जोंधळ्याच्या कण्या. त्या ते स्वेटर घालून, स्टुलावर बसून, विद्यापीठाची परीक्षा चालू असल्यासारखे ढवळत. कण्या, दूध, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चटणी. पहिले काही दिवस सानिका घासाघासाला थांबायची. सर तिच्याकडे बघायचे नाहीत, खिडकीतून बाहेर बघायचे. "जेवणाऱ्याकडं बघितलं की त्याचं जेवण कमी होतं," असं म्हणायचे. मग वास येतो म्हणून मीही वर जायला लागलो. माझं वजन वाढलं ते अजून उतरलेलं नाही.

काही दिवसांनी मी तिचं रक्त पुन्हा तपासलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःला सिद्ध करायचं होतं. आणि या वेळी टीएसएच वर. ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर. मी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन जिना चढलो, एक पायरी चुकली, आणि सरांच्या दारात गुडघ्यावर पोचलो.

"सर, आता वाढलाय. आता तर थायरॉइडच."

सर कण्या ढवळत होते. "डॉक्टर, बंधाऱ्याचे बरगे काढताना कधी बघितलायस?"

"नाही."

"पहिल्यांदा पाणी असं उसळतं, की लोकं पुलावर बघायला येत्यात. ते बघून पूर आला म्हणून कोण ओरडतो?"

"कोण?"

"पुण्यास्नं आलेला पावणा. थांब जरा. बसेल ते."

मी थांबलो. गुडघा दुखत होता, त्यामुळे थांबणं सोपं गेलं. मधे वडील दोनदा आले, खाली दवाखान्यात बसून गेले, वर गेले नाहीत. "काय म्हणतंय?" एवढंच विचारायचे. रिपोर्टविषयी की पोरीविषयी, ते मला कळायचं नाही. मी दोन्हीचं उत्तर द्यायचो, "सुधारतंय." पुढच्या तपासणीत सगळे आकडे आपापल्या जागी आले होते. एकही गोळी न घेता. मी तो रिपोर्ट सरांना दाखवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "हिची झोप कशी हाय, विचारलंस?" मी विचारलं नव्हतं.

निवड चाचणीला आम्ही दोघं गेलो. हॉलमध्ये घामाचा आणि तेलाचा वास, पत्र्याखाली उकाडा, आणि तरी सर स्वेटरमध्ये. सानिकाचे वडील आमच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते, कुणाशी न बोलता. सानिका अंतिम फेरीपर्यंत आली. समोर ती सगळ्यांना पाडणारी. उंच, खांद्यानं रुंद, आणि मॅटवर येताना हसणारी.

पहिल्या फेरीत सानिका मागं पडली. दोनदा कडेला ढकलली गेली, एकदा तोंडावर आली. वडिलांनी रुमाल तोंडाला लावला. मी सरांकडे बघितलं. ते मॅटकडे बघतच नव्हते. समोरच्या पोरीच्या पोटाकडे बघत होते. "श्वास बघ तिचा," ते हळूच म्हणाले. "तिनं सकाळी काय खाल्लं न्हाय. तीबी वजन उतरवून आलीया."

दुसऱ्या फेरीत मलाही ते दिसलं. ती उंच पोरगी पकड करायला येत होती आणि पकड पूर्ण व्हायच्या आधी सोडत होती. सानिका सोडत नव्हती. वेळ संपत आली तेव्हा सानिकानं तिचा पाय धरला, आणि धरूनच ठेवला. ती पोरगी आधी सुटायला बघत होती, मग उभी राहायला, मग नुसतीच श्वास घ्यायला. दोघी खाली आल्या. वर सानिका होती. पंचांनी मॅटवर हात आपटला, चितपट.

वडील उठले आणि हॉलच्या बाहेर निघून गेले. मला वाटलं, रडायला गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते आंबोळीच्या गाड्यासमोर उभे होते, दोन्ही हातांत ताटल्या, आणि गाड्यावाल्याला सांगत होते, "आणखी टाक. चटणी जास्त घाल."

समोरची पोरगीही तिच्या बहिणीबरोबर जवळच उभी होती, डोळे सुजलेले. सानिकानं वडिलांच्या हातातली एक ताटली घेऊन तिच्यापुढे धरली. "खा गं," ती म्हणाली. "पुढच्या येळी खाऊन ये. मग मजा येईल."

सर त्या पोरीचा हात बघायला निघाले होते. मी त्यांना स्वेटरला धरून थांबवलं.

मग मला माझं कर्तव्य आठवलं. मी बॅगेतून सुई-नळी काढली, कारण एवढ्या ताणानंतर आकडे काय म्हणतात ते बघायची उत्सुकता होती, आणि वर्गात कधी न मिळालेला शाबासकीचा एक शेरा मला सरांकडून हवा होता. "सानिका," मी म्हणालो, "थोडंसं रक्त देतेस?"

तिनं आंबोळीचा घास पुरता चावला, गिळला, आणि बाही खाली ओढून घेतली.

"आता न्हाय देणार, डॉक्टर," ती म्हणाली. "मला लागतंय ते."